शबानाच्या कोडमध्ये नसलेली चूक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि शेवगावच्या ज्या कॉलेजात सगळी नोकरी काढली तिथल्या मित्रांनाही नाही. परवा एका माणसाला सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतोय. सांगताना मी मधेच भरकटेन — आयुष्यभर मराठी शिकवलंय, सरळ मुद्द्यावर आलो तर मलाच चुकल्यासारखं होतं. पण मी भरकटायला लागलो, की ओळखा, मुद्दा जवळ आलाय.

आधी थोडी बढाई मारून घेतो. नंतर तोंड राहणार नाही.

आमच्या कॉलेजची एक संशोधन पत्रिका होती. अजून आहे. तिचा संपादक मी होतो. आमच्या भागातल्या बोलीवर तीत लेख यायचे — खळ्यावरच्या अवजारांची नावं, ऊसतोडीच्या टोळीतले शब्द, काष्टीच्या बैलबाजारात व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात ती बिनआवाजी भाषा. विषय एकापेक्षा एक. पण वाचायचं कोण? छापलेले अंक वर्गणीदार ग्रंथालयांना जायचे आणि तिथेच राहायचे. एकदा कर्जतच्या एका ग्रंथालयात गेलो, तर आमचा गठ्ठा सुतळीसकट खिडकीला टेकू म्हणून लावलेला. मी काही तो काढायला लावला नाही. वारा जोराचा होता.

आणि खरं सांगू? मला ते बरंच वाटलं. त्या अंकांत माझेही लेख असायचे. एका लेखात मी नेवाशाकडचा शब्द आपल्या शेवगावचा म्हणून ठोकून दिला होता. एका लेखाचा शेवट दुसऱ्या लेखाची सुरुवात म्हणून वापरला होता. माझे लेख कुणी वाचत नव्हतं, म्हणून तर मी विद्वान होतो. हा माझा लहान दोष. मोठा पुढे आहे.

मग कॉलेजात शबाना आली. कॉम्प्युटर शिकवायला. गावात तिच्या वडिलांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान — विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटर यायची आणि ते ती उघडून, तारा नव्याने गुंडाळून परत द्यायचे. ही पोर त्या दुकानात वाढलेली. कुठलीही बंद वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. माझी पत्रिका तिने पाहिली आणि म्हणाली, सर, ही कॉम्प्युटरवर आणू या. अशा पत्रिका चालवायचं सॉफ्टवेअर तयार आहे, ओपन सोर्स आहे, घ्यायला काही पडत नाही.

संस्थेचे अध्यक्ष मोठे बागायतदार, माणूस रोखठोक. त्यांनी तिला विचारलं, "फुकाट हाय म्हंजी कायतरी गोम आसंल की त्यात?"

तिने सांगितलं ते मला अजून आठवतं. म्हणाली, ही अशी मोटर आहे जिचं झाकण उघडता येतं. आत काय आहे ते कुणीही बघावं, बिघडलं तर नीट करावं, आपल्याला हवं ते त्यात बसवावं, आणि नीट केलेलं दुसऱ्यालाही द्यावं. जगभरातले लोक मिळून ही मोटर चालती ठेवतात. अध्यक्षांनी मान डोलावली. मोटर म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं.

सॉफ्टवेअर बसलं, जुने अंकही तिने त्यात चढवले. पण त्यावरचा मजकूर इंग्रजी. आता मराठी करणार कोण? मीच की! शेकडो शब्द होते, एकेका बटणावरचे, आणि मी पाझर फुटल्यासारखा शब्द पाडत सुटलो. शबाना सोपं सुचवायची, मी ते भारदस्त करायचो. ती 'पाठवा' म्हणाली की मी 'सादर करा'. ती 'परत पाठवलं' म्हणाली की मी 'साभार परत'. एका बटणावरून आमची थोडी जुंपलीही — ते सांगतोच. सांगावंच लागणार आहे.

संपादक मंडळाच्या बैठकीत शबानाने मुद्दा काढला की पत्रिका सगळ्यांना खुली करावी. वर्गणी नको, कुलूप नको, कुणीही मोबाईलवर उघडावी आणि वाचावी. ओपन ॲक्सेस म्हणतात त्याला. ती म्हणाली, "सर, हे शब्द गावातल्या लोकांनीच आपल्याला दिलेत. मग त्यांनाच वाचायला बंदी कशाला?" याला उत्तर होतं का माझ्याकडे? नव्हतं. म्हणून मी भाषण केलं. ज्ञानाची प्रतिष्ठा, संशोधनाचं गांभीर्य, फुकट मिळतं त्याला कुणी विचारत नाही, वगैरे. मंडळाने माना डोलावल्या. पत्रिकेला कुलूप राहिलं. मला भीती कशाची होती ते तुम्हाला आता माहीत आहे — नेवाशाच्या शब्दाची.

शबाना हरली, पण रुसली नाही. सॉफ्टवेअर आपलंच, हवं ते बसवता येतं, म्हणून तिने त्यात स्वतः कोड लिहून एक नवं बटण बसवलं. मंडळाने कधी काळी 'हो' म्हटलंच, तर जुने सगळे अंक एका दमात खुले करता यावेत. बटणावर तिने लिहिलं होतं — 'जुने अंक सगळ्यांसाठी उघडा'. मी म्हटलं, मॅडम, हे काय किराणा दुकान आहे? आणि मी ते बदलून लिहिलं, 'जुने अंक मुक्त करा'. ती म्हणाली, सर, 'मुक्त'ने घोटाळा होईल. मी हसलो. मराठीचा प्राध्यापक मी, घोटाळा कुणाचा होणार?

ऐका.

दिवाळी अंक तयार झाला तेव्हा शबाना मावसबहिणीच्या लग्नाला गेलेली. येईपर्यंत थांबा म्हणून सांगून गेली होती. मी कशाला थांबतोय? आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच खातं, त्याचं नाव 'संपादक', आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. मी बसलो, चष्मा पुसला, 'प्रकाशित करा' दाबलं. अंक प्रकाशित झाला! काय आनंद झाला म्हणता — सायकल पहिल्यांदा चालवल्यासारखा. आणि खाली दिसलं, 'जुने अंक मुक्त करा'.

आता कॉलेजात 'मुक्त' म्हणजे काय, ते आम्हा नोकरदारांना विचारा. बदली झाली, निवृत्ती आली, की माणसाला कार्यमुक्त करतात. पण 'कार्यमुक्त' एवढं लांबलचक कोण बोलतो? स्टाफरूममध्ये सगळे नुसतं 'मुक्त' म्हणतात. 'अमक्या सरांना मुक्त केलं का?' 'नाही, अजून अडकवून ठेवलंय.' मी ते बटण वाचलं आणि मला वाटलं — बरोबर आहे, नवा अंक कामावर रुजू झाला, आता जुन्यांना मुक्त करायला पाहिजे. बिचाऱ्यांनी किती वर्षं सेवा केली. मी भावुक होऊन ते बटण दाबलं. माझाच शब्द, माझ्याच हाताने, मलाच कळला नाही.

जुने सगळे अंक जगाला खुले झाले. मी घरी जाऊन अनारसे खाल्ले.

काही दिवसांनी फोन सुरू झाले. पहिला फोन कर्जत तालुक्यातल्या एका जवानाचा, सीमेवरून. तो म्हणाला, "सर, आमच्या मळ्यातले शब्द हाईत ह्यात. हितं कोन बोलतंय आसं? लई बरं वाटलं बगा." मी गोंधळलो. याला अंक मिळाला कुठून? मग काष्टीच्या एका बैलव्यापाऱ्याचा. तो तापलेला. "सर, आवो आमचं उपरन्याखालचं समदं उघडं पाडलं की वो तुमी! आता गिऱ्हाईकच आमाला बोटं शिकवाया लागलंय." त्याची समजूत घालून मी कॉम्प्युटरपाशी गेलो. ते बटण पुन्हा वाचलं. हळूहळू वाचलं. आणि मला कळलं.

म्हणजे पुढे चौकशीची बैठक झाली तेव्हा मला कळलेलं होतं. हे ध्यानात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

एका वर्गणीदार कॉलेजच्या प्राचार्यांनी अध्यक्षांना विचारलं होतं की सगळं उघड्यावर ठेवलंय तर आम्ही वर्गणी कशाची भरायची? अध्यक्ष बैठकीला आले ते तावातावाने. "ह्ये दार कुनी उघडं टाकलं?"

सगळ्यांनी शबानाकडे पाहिलं. कुलूप नको म्हणणारी तीच, बटण बसवणारी तीच. आणि मी? मी चहात बिस्कीट बुडवलं होतं. ते तुटून कपात पडलं. मी ते चमच्याने काढत बसलो. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. बिस्कीट निघेपर्यंत शबाना उभी राहिली होती.

ती म्हणाली, "सर, मी त्या दिवशी गावात नव्हते. पण बटण मीच बसवलंय. ते आपोआप चाललं असणार. माझ्या कोडमध्येच चूक राहिली."

खातं सगळ्यांचं एकच. कुणी दाबलं हे कळायचा रस्ता नव्हता. तिला शंकासुद्धा आली नाही, की ज्याने तो शब्द लिहिला त्यालाच तो कळला नसेल. येणार तरी कशी? अध्यक्षांनी तिथल्या तिथे तिच्याकडून पत्रिकेचं काम काढून घेतलं. खरी मुक्त झाली ती शबाना.

इथेच थांबलो असतो तर हा साधा भित्रेपणा झाला असता. पण संध्याकाळी ती माझ्या केबिनमध्ये आली. डोळे लाल. म्हणाली, सर, तुमची इतक्या वर्षांची पत्रिका, तुम्ही नको म्हणत होता, आणि माझ्या चुकीमुळे तुमचा शब्द खाली पडला. मला माफ करा.

आणि मी तिला माफ केलं.

हो. खुर्चीत मागे टेकून, हात वर करून, म्हणालो, "मॅडम, चुका माणसाकडूनच होतात. मनाला लावून घेऊ नका." चहा मागवला. ती रडली. तिला रुमाल दिला. आणि मला फार बरं वाटलं हो. मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखं वाटलं. बायकोला घरी जाऊन सांगितलंही, की आज एका पोरीला सांभाळून घेतलं.

आता पुढची गंमत बघा. अध्यक्षांचा हुकूम होता, कुलूप परत लावा. पण ते लावायचं कसं, हे ठाऊक असलेली एकुलती एक बाई आम्ही पत्रिकेच्या कामावरून काढलेली. जबाबदारी माझ्यावर आली, आणि मी तर आता कुठल्याही बटणाला हात लावायला धजेना. रोज कॉम्प्युटर चालू करायचो, बघायचो, बंद करायचो. विचारलं की सांगायचो, प्रयत्न चालू आहेत. अशी आमची पत्रिका खुली राहिली.

आणि लोक वाचायला लागले! ऊसतोडीच्या फडावरून, परदेशातल्या विद्यापीठांतून, पुण्यातल्या होस्टेलांवरून. कुणी शब्द पाठवायचं, कुणी चुका. नेवाशाचा शब्द एका वाचकाने पकडलाच — अगदी सभ्यपणे. मी दुरुस्ती छापली आणि काहीही झालं नाही. मग बाहेरून एक तपासणी समिती आली, तिने पत्रिकेचं तोंड भरून कौतुक केलं, ग्रामीण भागात ओपन ॲक्सेसचा असा प्रयोग म्हणे कुठे पाहिला नाही. अध्यक्षांनी कूसच बदलली. माझ्या खांद्यावर हात टाकून समितीला म्हणाले, "आमच्या सरांची नजर पयल्यापासून लई लांबची."

शाल आली. हार आला. कार्यशाळांची बोलावणी आली. मी गावोगाव जाऊन ज्ञान खुलं का असावं यावर बोलायला लागलो, आणि काय बोलायचो माहीत आहे? 'हे शब्द गावातल्या लोकांनीच आपल्याला दिलेत.' शबानाचं वाक्य. अक्षरही न बदलता. टाळ्या पडायच्या. आमच्याच कॉलेजात बोललो की पहिल्या रांगेत बसून शबानाही टाळ्या वाजवायची, मनापासून. ते वाक्य आपलं आहे हे ती विसरली होती की काय, देव जाणे.

शिक्षा होती तोवर ती तिची, आणि हार आला तेव्हा तो माझा. कधी बोलायला हवं होतं मी? पहिल्या दिवशी भीती होती. मग सत्कार झाला, तेव्हा लाज होती. मग सवय झाली. सवय झाल्यावर तर ते आठवणंही बंद होतं — वर्षानुवर्षं मी स्वतःला खरोखरच दूरदृष्टीचा समजत होतो.

इकडे शबाना काय करत होती? चूक शोधत होती. कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये बसून स्वतःच्या कोडची एकेक ओळ तपासायची. सापडेना, म्हणून तिने ते कोड ओपन सोर्सवाल्या मंडळींना पाठवलं. आता ही माणसं किती भली! कुठल्या कुठल्या देशांतली, ना ओळख ना पाळख, त्यांनी आपलं काम टाकून शेवगावच्या एका बटणातली चूक शोधली. त्यांनाही सापडली नाही. सापडणार कुठून? चूक कोडमध्ये नव्हती, खुर्चीत होती. मी लॅबवरून जाताना तिला दारातून म्हणायचो, अजून तेच का मॅडम? जाऊ द्या आता. पुढे तिने खरंच जाऊ दिलं. नवं काही बनवणं सोडलं. नेमलेलं शिकवायची आणि घरी जायची. कुणी म्हटलं मॅडम, हजेरीचं काहीतरी करून द्या, तर म्हणायची, तयार मिळतं ते घ्या, माझ्या हातचं नको.

मला हे दिसत होतं? दिसत होतं.

निवृत्त झालो. मागच्या महिन्यात स्टँडवर शबाना भेटली. खुशीत होती. सांगत होती की त्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी तिला विचारलंय, आपल्याकडच्या भाषांचं सगळं काम तुम्ही सांभाळाल का? चूक शोधताना तिने जे प्रश्न विचारले होते, ते त्यांच्या लक्षात राहिले होते. मी म्हटलं, वा, मग कधीपासून? ती म्हणाली, "नाही म्हणून कळवलं सर." का? तर हसत हसत म्हणाली, "जी चूक सापडतच नाही ती परत कधीही होऊ शकते ना. तेव्हा तुम्ही सांभाळून घेतलंत. तिथं कोण घेईल?"

तिची गाडी आली. ती गेली. मी नेवाशाच्या गाडीत बसलो, जायचं नसताना.

परवा तिच्या घरी गेलो. वडील गेले, दुकान आता भाऊ बघतो, ती आणि तिची आई मागच्या खोल्यांत राहतात. मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. 'मुक्त'चा मी काय अर्थ लावला ते सांगितलं, तेव्हा ती खदखदून हसली. कार्यमुक्त! जुन्या अंकांना! डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि मला वाटलं, सुटलो. मग मी बिस्किटाचं सांगितलं. केबिनमधलं सांगितलं. ती हसायची थांबली.

मग म्हणाली, "म्हणजे कोडमध्ये काही नव्हतं?"

मी म्हटलं, नव्हतं.

"काहीच नव्हतं?"

मी म्हटलं, तुमचं कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

ती उठली आणि आतल्या दाराशी जाऊन एकदम घरातल्या बोलीत ओरडली, "अम्मी! वो मेरेसे नै हुआ था! मेरेसे हुआच नै था!" लहान पोरीसारखी. पास झाल्याचं सांगावं तशी. रागवेल, बोलेल, हाकलून देईल, या सगळ्याची मी तयारी करून गेलो होतो. तिच्या आनंदाची केली नव्हती.

आई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांना एवढंच कळलं होतं की पोरीच्या मनातलं ते जुनं काहीतरी आज गेलं. त्यांचा चेहरा फुलला होता. माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "मंग कुनी केल्तं वो सर त्ये?"

शबाना माझ्यासाठी काही बोलली नाही.

मी म्हणालो, "मी केलं. आणि हिला माफ केलं, तेही मीच."